रविवारच्या हॉकीला चार ओळी द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बेळगावच्या शहापुरात शिवणकाम करते. ब्लाऊज, शाळेचे युनिफॉर्म, फॉल-पिको. गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी मी दुकान बंद ठेवते आणि टिळकवाडीच्या बाजूला ज्या मैदानावर आमची मुलं हॉकी खेळतात, तिथं जाऊन मॅचचा हिशोब लिहिते. कुणी गोल केला, कितव्या मिनिटाला केला, पेनल्टी कॉर्नर किती मिळाले, कुणाला कार्ड दाखवलं, सगळं. दोनशे पानी एक वही भरली, दुसरी चालू आहे. मुलं मला वहीवाल्या काकू म्हणतात. आपल्या पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. रविवारच्या मॅचचा निकाल सोमवारच्या अंकात चार ओळींत छापा, आणि त्यात गोल करणाऱ्यांची नावं द्या.

मला हॉकीतलं काही कळत नव्हतं. ५ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत भारताने जर्मनीला ५-४ हरवून ऑलिम्पिकचं कांस्यपदक जिंकलं, तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद होत्या, युनिफॉर्मची कामं नव्हती, आणि मी नि माझी मुलगी मोबाईलवर ती मॅच बघत बसलो होतो. अगदी शेवटच्या सेकंदांत जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला, आपला गोलकीपर श्रीजेशने तो अडवला आणि नंतर तो गोलपोस्टवर चढून बसला. मुलगी तेव्हा चौथीत होती. संध्याकाळी बघते तर सोफ्याच्या दोन उशा तिने माझ्या नाडीच्या बंडलाने पायाला बांधल्या होत्या आणि भिंतीवर चेंडू मारून अडवत होती. आता ती नववीत आहे आणि आमच्या क्लबची गोलकीपर आहे.

ती डावखुरी आहे, हे मुद्दाम लिहिते. माझ्या धंद्यात डावखुऱ्यांची कात्री मिळते. हॉकीची स्टिक मात्र डावखुऱ्यांची नसते, कारण नियमच तसा आहे. स्टिकची सपाट बाजू डावीकडेच असते आणि चेंडू फक्त त्याच बाजूने खेळायचा. पहिले काही महिने पोरीला चेंडू काही लागेना, रडकुंडीला यायची. मग आमचे अंपायर, जे लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत, त्यांनी तिला गोलमध्ये उभं केलं. गोलकीपर स्टिक उजव्या हातात धरतो आणि डाव्या हातातल्या जाड पंजाने चेंडू अडवतो. ते तिला म्हणाले, "बाळ, तुझा चांगला हात कुठला? डावा ना? मग ही जागा तुझीच." त्या दिवसापासून तिने जागा सोडलेली नाही.

रविवारी आम्ही साडेसहाला मैदानावर असतो. आधी फक्कीने रेघा मारायच्या. पूर्ण हॉकीचं मैदान ९१.४० मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद असतं. आमचं लांबीला बारा पावलं कमी पडतं, पण गोलपुढची 'डी' आम्ही मापाप्रमाणेच आखतो, कारण डीच्या आतून मारलेला चेंडूच गोल धरला जातो. डी चुकली की सगळी मॅच चुकली. दोरीला सोळा यार्डावर, म्हणजे १४.६३ मीटरवर, गाठ मारलेली आहे. दोरीचं टोक एका पोस्टच्या बुडाला धरायचं आणि ताणून पाव वर्तुळ फिरवायचं, मग दुसऱ्या पोस्टला तसंच, आणि दोन्ही वर्तुळं पुढं ३.६६ मीटरच्या सरळ रेघेने जोडायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चकित झाले. अंब्रेला स्कर्टचा घेर आम्ही असाच कापतो, कापडाच्या कोपऱ्यावर टेप धरून. त्या दिवसापासून डी आखायचं काम माझ्याकडे आहे. मुलं फक्कीचा डबा घेऊन मागे चालतात, मी दोरी धरते.

बिब, म्हणजे टीम ओळखायला अंगावर घालायची बंड्या, मीच शिवलेत, निळे आणि पिवळे, युनिफॉर्मच्या उरलेल्या पॉपलिनचे. गोलकीपरच्या पॅडचे दोन जोड आहेत. एक फोमचा, वर्गणी काढून घेतलेला. दुसरा एका जुन्या खेळाडूंनी माळ्यावरून काढून दिला. आत कापूस, वर कॅनव्हास, पट्टे कुजलेले. त्याला मी रेक्झिनचे नवे पट्टे लावले. मशीनला अठरा नंबरची सुई घातली तरी दोन मोडल्या, शेवटी चपला शिवणाऱ्या मामांकडून दाभण आणून हाताने टाके घातले. पावसाळ्यात हे पॅड आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या दांडीला वाळत असतात. वास येतो, पण करायचं काय. हॉकीचा चेंडू दिसायला लहान, वजन १५६ ते १६३ ग्रॅम, पण घट्ट प्लास्टिकचा. पॅड ओला असला की आतला कापूस दबून बसतो आणि नडगीवर टेंगूळ उठतं.

येतात कोण, तेही सांगते. कॅम्पातली मुलं येतात, वडगाव-अनगोळची येतात, शाळेत शिकवणारे एक सर येतात, गवंडीकाम करणारा एक मुलगा येतो, तो रात्री उशिरा सुटतो तरी पहिला हजर असतो. मुली सात आहेत. मैदानावर ओरडणं चालतं ते तुम्ही एकदा ऐकायला या. कुणी "दे की" म्हणतं, कुणी कन्नडमध्ये "कोडो, कोडो", कुणी "इधर दे", आणि कॅम्पातले दोघे भाऊ एकमेकांना कोकणीत "हांगा, हांगा" करतात. चेंडू ज्याला जायचा त्याला बरोबर जातो. माझ्या वहीत नावं देवनागरीत असतात, पण नवीन मुलगा आला की मी त्याला स्वतःचं नाव स्वतः लिहायला सांगते. चार-पाच नावं कन्नडमध्ये आहेत. मला कन्नड वाचता येतं, सावकाश.

खानापूरकडून एक मुलगी येते. सोळा वर्षांची, सेंटर हाफ, म्हणजे मैदानाच्या मधोमध खेळणारी. खानापूर ते बेळगाव सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. गावातून स्टँडपर्यंत सायकल, मग पहिली बस. जून २०२३ मध्ये कर्नाटक सरकारची शक्ती योजना आली आणि सरकारी बसमध्ये बायका-मुलींचं तिकीट माफ झालं, म्हणून तिला येता येतं. त्याआधी एक रविवार यायची, दोन रविवार नाही. दुसरी एक मुलगी शिनोळीच्या पलीकडून, चंदगड तालुक्यातून येते. तिचं आधार कार्ड महाराष्ट्राचं, त्यामुळे कर्नाटकच्या बसमध्ये तिला पूर्ण तिकीट. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण त्या वेळेला एसटी मिळेलच असं नाही. एकाच टीममध्ये दोघी खेळतात, एक फुकट येते, एक पैसे मोजून. तिच्या तिकिटाचे पैसे आम्ही वर्गणीतून देतो. ती आधी घेत नव्हती. आता घेते, आणि वहीत सही करते.

आता गेल्या रविवारची मॅच सांगते, म्हणजे मी कशासाठी भांडते आहे ते कळेल.

वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ होते. पहिल्या हाफमध्ये पिवळ्यांनी निळ्यांवर दोन गोल चढवले. माझी मुलगी निळ्यांच्या गोलमध्ये होती. दुसरा गोल तिच्या पायाखालून गेला, तो तिचाच दोष होता, आई म्हणून मी तो झाकणार नाही. वहीत तसाच लिहिलाय. दुसरा हाफ सुरू झाला आणि खानापूरच्या मुलीने मधल्या रेषेवर चेंडू काढून घेतला, दोघांना चुकवलं आणि धावता धावता असा मारला की गोलकीपर जागचा हललाही नाही. निळे नाचायला लागले. मी वहीत मिनिट लिहिलं. सुभेदार साहेब लांब होते, डीची रेघ धावणाऱ्यांच्या आड गेली होती, आणि ते शिट्टी तोंडात धरून क्षणभर थांबले. तेवढ्यात त्या मुलीने स्वतःच हात वर केला आणि म्हणाली, "सर, बाहेरून मारला." डीच्या रेघेबाहेर वीतभर, जिथं तिची स्टिक लागली होती तिथं जाऊन तिने बोट दाखवलं. टीम दोन गोलांनी मागे असताना. तिच्या टीमची दोन मुलं तिच्यावर चिडली, आणि ती काही न बोलता परत आपल्या जागेवर गेली. मी वहीतलं मिनिट खोडलं.

त्यानंतर निळ्यांनी तीन गोल केले. पहिला साधाच होता, गवंडी मुलाने रिबाउंडवर ढकललेला. दुसरा पेनल्टी कॉर्नरवर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. गोलच्या मागच्या रेषेवरून, पोस्टपासून दहा मीटरवरून, एकजण चेंडू आत ढकलतो. बचावाचे पाचच जण, गोलकीपर धरून, त्या रेषेमागे उभे असतात, बाकीचे मधल्या रेषेपलीकडे. चेंडू डीच्या बाहेर जाऊन थांबवायचा, आत आणायचा आणि मारायचा. पहिलाच फटका जोराचा असला तर तो गोलच्या फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे ४६० मिलिमीटरपेक्षा, वर जाता कामा नये. म्हणून चांगला मारणारा तो सरळ फळीवरच घालतो. लाकडी फळीवर चेंडू आपटल्याचा तो आवाज रविवारी सकाळी शांत मैदानावर किती लांब जातो! चहावाल्या मामांनी तिथून ओरडून विचारलं, "काकू, किती झाले?" दोन्ही बाजूंचे दोन-दोन झाले होते. तिसरा गोल खानापूरच्या मुलीचा, या वेळी चांगला चार पावलं डीच्या आतून. शिट्टी वाजायच्या आधी पिवळ्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि माझ्या मुलीने तो डाव्या पायाच्या किकरने, म्हणजे बुटावरच्या पॅडने, बाहेर काढला. किकरचं वेल्क्रो सुटून मैदानात पडलं. निळे ३, पिवळे २.

सोमवारी आपला पेपर उघडला. आपण क्रिकेटच्या स्पर्धांचे निकाल देता, गावोगावच्या जत्रेतल्या कुस्त्या देता, कोणत्या पैलवानाने कुणाला कोणत्या डावावर चितपट केलं तेसुद्धा देता. ते द्यावंच, माझे सासरे तेच पान आधी काढायचे. पण त्या पानावर माझी वही कुठंच नव्हती, तीन वर्षांत एकदाही नाही.

तुम्ही म्हणाल, ही काय मोठी स्पर्धा आहे? नाही. कप नाही, प्रवेश फी नाही, पाहुणे नाहीत. पण गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही मैदानावर पोचलो तर आमच्या डीत मंडपाचे खड्डे खणलेले होते. बावीस खड्डे मोजले मी. ज्यांचा मंडप होता त्यांच्या माणसाशी बोलले. त्याने हात जोडले आणि म्हणाला, "ताई, इथं रविवारी काही असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं." तो खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्याला कुठून माहीत असणार? मंडप उतरल्यावर मुलांनी डबड्यांनी माती भरली, पाणी मारून तुडवली. पण भरलेली माती बसायला महिना गेला आणि त्या महिन्यात चेंडू कुठं उडेल याचा नेम नव्हता. शिनोळीच्या मुलीच्या भुवईला तेव्हाच लागलं. तीन टाके. जे छापलं जात नाही ते लोकांच्या लेखी नसतंच, हे मला त्या खड्ड्यांनी शिकवलं.

आपल्या गावाला हॉकी नवीन नाही, हे आपल्यापेक्षा मी जास्त काय सांगणार. १९६४ साली टोकियोत भारताने सुवर्णपदक जिंकलं, त्या संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते. २३ ऑक्टोबरची ती फायनल, पाकिस्तानवर १-०, गोल मोहिंदर लाल यांचा. गोलमध्ये शंकर लक्ष्मण होते. ते मध्य प्रदेशातल्या महूचे, पण शिपाई मराठा लाइट इन्फंट्रीचे, आणि त्या रेजिमेंटचं केंद्र आपल्या बेळगावात १९२२ पासून आहे. सुभेदार साहेब हे सांगतात तेव्हा माझ्या मुलीकडे बघून सांगतात, कारण ती गोलकीपर. म्हणजे श्रीजेशने जिथं पदक वाचवलं त्या टोकियोतच सत्तावन्न वर्षं आधी मराठा रेजिमेंटचा एक माणूस गोलमध्ये उभा होता. तिने हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय.

आणि कापसाचे पॅड ज्यांनी दिले ते जुने खेळाडू. सत्तरी ओलांडलीय त्यांनी, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी रविवारी खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या पाकिटात प्लास्टिकच्या पिशवीत एक कात्रण आहे. तरुणपणीच्या एका मॅचचा निकाल, पाच ओळींचा, कागद चहासारखा झालेला. त्यात त्यांचं आडनाव चुकीचं छापलंय, वेलांटी चुकली आहे. मी विचारलं, "काका, दुरुस्ती नाही मागितली?" ते म्हणाले, "वडिलांनी ते दुकानात चिकटवून ठेवलं होतं गं. आदल्या दिवसापर्यंत हॉकीला जातो म्हटलं की मार खायचो. त्या दिवसानंतर वडील स्वतः विचारायला लागले, आज मॅच नाही काय?"

क्लबाची बाकी कुठलीही मागणी या पत्रात नाही. मैदानाचं, पैशाचं, पोरांच्या बुटांचं आमचं आम्ही बघतो. निकाल तुमच्यापर्यंत पोचवायची जबाबदारी माझी. दर रविवारी दुपारी बारापर्यंत मी स्वतः आपल्या कार्यालयात कागद आणून देईन. अक्षर सुवाच्य आहे. टीम, गोल, कोणत्या मिनिटाला, कुणी, एवढंच लिहीन. गोलकीपरने मोठा बचाव केला असेल तर एक ओळ जास्त, पण माझी मुलगी असेल तर ती ओळ मी नाही, सुभेदार साहेब लिहितील. पावसामुळे मॅच झाली नाही तर तसंही कळवीन, म्हणजे तुमची जागा रिकामी राहणार नाही. दिवाळीत आणि परीक्षेच्या वेळी आमच्या मॅच नसतात.

सोबत गेल्या रविवारचा निकाल वेगळ्या कागदावर जोडला आहे. शिळा झाला असला तरी चालत असेल तर छापा. खानापूरच्या मुलीचं नाव दुसऱ्या ओळीत आहे. आडनाव मी तिच्या आधार कार्डावरून बघून लिहिलंय, ते तेवढं नीट लावून घ्यावं ही विनंती. तिचे वडील कौलांच्या भट्टीवर कामाला जातात, रविवारचीही सुट्टी नसते, त्यांनी तिला खेळताना कधी बघितलेलं नाही. त्यांच्या घरी पेपर येत नाही. सकाळी कामावर जाताना ते स्टँडजवळच्या टपरीवर चहा घेतात, तिथं आपला पेपर असतो. शेवटचं पान आधी बघतात, असं ती म्हणाली.

आपली,
एक वाचक,
शहापूर, बेळगाव